नाटक वाचून पाहा

'नाटक कधी वाचतात का? नाटक बघायचं असतं!'

हे वाक्य मी आजवर निदान वीस वेळा तरी ऐकलं असेल. होस्टेलवर ऐकलंय, कॅन्टीनमध्ये ऐकलंय, गॅदरिंगच्या तालमीत घसा फोडणाऱ्या मंडळींकडूनसुद्धा ऐकलंय. मुद्दा तसा बिनतोड वाटतो. गाण्याचं नोटेशन वाचून कुणी माना डोलावत नाही, सिनेमाची पटकथा उशाशी घेऊन कुणी झोपत नाही. मग नाटकाचंच पुस्तक उघडून काय हाती लागणार?

माझं म्हणणं असं, की पुष्कळ हाती लागतं. कादंबरी वाचून मिळतं त्यापेक्षा वेगळं, आणि थिएटरात बसून मिळतं त्यापेक्षाही वेगळं. शिवाय आपल्यातले बरेच जण अशा गावांतून आलोय, जिथे चांगलं नाटक आलं तर वर्षा-दोन वर्षांतून एकदा. त्यात ते आलं तर दुसऱ्या दिवशी आपली ओरल असणार, हे ठरलेलंच! ज्याला नाटक बघायची सोय नाही, त्यानं नाटकाशिवायच राहायचं का? लायब्ररीत मागच्या बाजूला नाटकांचं एक कपाट असतं. त्या कपाटापर्यंत दोन-चार जणांना तरी न्यावं, एवढ्याचसाठी हा लेख.

ड्रॉइंगचा तास आठवा

फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग आठवतंय ना? कागदावर फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू आणि साइड व्ह्यू दिलेले असायचे, आणि खाली लिहिलेलं असायचं, 'आयसोमेट्रिक काढा'. तो ठोकळा प्रत्यक्षात कुठेच नसायचा. तो आपल्या डोक्यात उभा राहायचा. ज्या क्षणी तो उभा राहायचा, त्या क्षणाचा आनंद टी-स्क्वेअरशी झटापट केलेल्या कुणालाही सांगावा लागणार नाही.

नाटकाची संहिता म्हणजे नेमकं हेच. पात्रांचे संवाद हा एक व्ह्यू. कंसातल्या रंगसूचना हा दुसरा. कोण कधी आत येतं, कोण बाहेर जातं, कोण गप्प बसून राहतं, हा तिसरा. यांवरून आख्खं घर, त्यातली माणसं, त्यांचे राग-लोभ हे सगळं आपल्याला डोक्यात उभं करायचं असतं. कादंबरीकार बहुतेक वेळा पात्राच्या मनात शिरून आपल्याला सांगतो, की 'त्याला वाईट वाटलं'. नाटककाराला ही सवलत नाही. त्याची माणसं जे बोलतात आणि करतात तेवढंच कागदावर येतं. बाकीचं सगळं ड्रॉइंगमधल्या तुटक रेषांसारखं. समोरून दिसत नाही, पण आत आहे हे आपल्याला कळतं.

म्हणून नाटक वाचणारा नुसता वाचक राहत नाही. तो दिग्दर्शक होतो, नेपथ्यकार होतो, सगळी पात्रंही तोच होतो. तेसुद्धा तिकीट न काढता.

चार ओळींचं नाटक

हे नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून उदाहरण देतो. खालचं 'नाटक' मी या लेखापुरतं रचलंय, त्यामुळे त्यात वाङ्मयीन गुण शोधू नयेत.

आई : आलास?
मुलगा : हो.
आई : बाबा झोपलेत.
(मुलगा चपला हातात घेतो.)

संपलं. एकूण चार शब्दांचा संवाद. पण काय काय कळलं बघा. रात्र झालीय. मुलगा उशिरा आलाय. बापाला त्याचं उशिरा येणं आवडत नाही. आई जागी राहिलीय, आणि ती मुलाच्या बाजूनं आहे, निदान आजच्या रात्रीपुरती. यातलं एकही वाक्य वर लिहिलेलं नाही!

आता संवाद तेच ठेवू आणि फक्त शेवटचा कंस बदलू : (मुलगा टीव्ही लावतो.) झालं, घरच बदललं! आता मुलगा मुजोर झालाय, बापाचा धाक संपलाय, आणि आईच्या त्याच वाक्यात भीती आलीय. अजून एकदा बदलू : (मुलगा खिडकीशी जाऊन उभा राहतो. शांतता.) आता काहीतरी वेगळंच घडलंय. कदाचित आज हॉस्पिटलमधून रिपोर्ट यायचा होता.

शब्द तेच, नाटकं तीन. प्रयोग बघताना दिग्दर्शकानं यातलं एक निवडलेलं असतं आणि आपण ते बघतो. वाचताना तिन्ही शक्यता आपल्यासमोर उघड्या असतात. नाटक वाचण्याची पहिली गंमत ही.

वाड्यात शिरताना

आता खऱ्या नाटकाकडे येऊ. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी'. विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली ते १९८५ मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलं. म्हणजे ते आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधीचं. विदर्भातल्या खेड्यातला देशपांड्यांचा वाडा. घरचे कर्ते तात्याजी नुकतेच वारलेत. मुंबईला नोकरी करणारा सुधीर बायकोला, म्हणजे अंजलीला घेऊन गावी येतो. थोरला भास्कर गावीच राहिलेला. तेरावीचा खर्च कसा करायचा आणि तो कुणी द्यायचा, यावरून घराचे टाके एकेक करून उसवत जातात. दारात एक ट्रॅक्टर वापराविना गंजत पडलाय. आतल्या खोलीतली म्हातारी दादी अधूनमधून वेळ विचारत राहते.

गोष्ट म्हटली तर एवढीच. कुणी खून करत नाही, कुणाचं रहस्य उलगडत नाही. मग वाचताना एवढं काय धरून ठेवतं?

एक साधी गोष्ट सांगतो, जी पुस्तकातच ठळक दिसते. नाटकाच्या पानावर प्रत्येक संवादाच्या आधी डाव्या बाजूला पात्राचं नाव छापलेलं असतं. सुधीर, अंजली, प्रभा, रंजू. आणि भास्करच्या बायकोच्या संवादापुढे काय? 'वहिनी'. पानामागून पान 'वहिनी'. घरातली सगळी कामं जी उपसते, जिच्याशिवाय चूल पेटत नाही, तिला त्या समासात स्वतःचं नाव नाही, नुसतं नातं आहे. थिएटरात हे आपल्या लक्षात येईलच असं नाही, कारण तिथे पात्रांच्या डोक्यावर नावं लटकलेली नसतात. वाचताना मात्र तो शब्द शंभर वेळा डोळ्यांखालून जातो, आणि केव्हातरी टोचायला लागतो.

मग तो प्रसंग येतो. रात्रीची वेळ, भास्कर घराण्याच्या दागिन्यांचा डबा उघडतो, आणि वहिनी ते दागिने अंगावर चढवते. दिवसभर राबणारी ही बाई थोड्या वेळापुरती त्या वाड्याची मालकीण होते. रंगमंचावर हा प्रसंग डोळे दिपवून पुढे सरकतो. वाचताना मी इथे पुस्तक मांडीवर उपडं ठेवून पाच मिनिटं थांबलो होतो. त्याच वाड्यात प्रभा आहे. तिला शिकायचं होतं, पण मुलीला शिकायला बाहेरगावी पाठवणं घराण्याच्या इभ्रतीत बसलं नाही. म्हणजे सोनं आहे, पण ते शिक्षणाला नाही. जमीन आहे, पण ट्रॅक्टर गंजतोय. हे सगळं नाटककार कुठेही भाषण ठोकून सांगत नाही. तो तुमच्यासमोर नुसते व्ह्यूज ठेवतो. आयसोमेट्रिक तुम्हीच काढायचं.

इथे थोडं घरचं सांगतो. आमच्याकडे शेत आहे, विहिरीत वाटा आहे, आणि दोन भाऊ आहेत. माझे वडील नोकरीनिमित्त शहरात आले, काका गावी राहिले. दर दिवाळीला जेवणं झाल्यावर तोच विषय निघतो, आणि तो निघाला की बायका भांडी आवरायला उठतात. 'वाडा' वाचताना मी आपोआपच सुधीरचे संवाद वडिलांच्या आवाजात आणि भास्करचे काकांच्या आवाजात वाचत होतो. भास्करचं बोलणं वाचायचं म्हणजे निदान तेवढ्यापुरतं भास्कर व्हावंच लागतं. त्याचं गाव, त्याच्या गळ्यात पडलेली प्रतिष्ठा, मागे राहिल्याचा त्याचा राग, हे सगळं तेवढ्यापुरतं आपलं होतं. पुढच्या पानावर सुधीर बोलू लागतो, की लगेच त्याच्या बाजूनं उभं राहायचं. दोन्ही बाजू आलटून पालटून स्वतःच्या तोंडून बोलायला लावणारा दुसरा साहित्यप्रकार मला तरी माहीत नाही. आता काकांचा फोन आला, की ते जे बोलत नाहीत तेही ऐकायचा मी प्रयत्न करतो. वाटणीचा तिढा काही त्यामुळे सुटलेला नाही. पण मागच्या दिवाळीला भांडी आवरायला आईबरोबर मीही उठलो, आणि विषय लवकर संपला. असो.

एक भर घालतो. या वाड्याची गोष्ट पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या दोन नाटकांत चालू राहते. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी ही तिन्ही नाटकं सलग सादर केली होती, सुमारे नऊ तासांचा प्रयोग! तो प्रयोग आता कुठून बघणार? पण तिन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून एखाद्या लाँग वीकएंडला आपला आपण 'प्रयोग' लावता येतो.

कंसातलं सोनं

नाटक वाचताना बरेच जण रंगसूचना गाळतात. कंस दिसला की उडी! प्लीज, असं करू नका. चांगल्या नाटककाराच्या कंसात अर्धं नाटक असतं.

सॅम्युएल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' घ्या. दोन माणसं एका झाडापाशी गोदो नावाच्या कुणाचीतरी वाट बघत बसलीत. दोन्ही अंकांच्या शेवटी ती निघायचं ठरवतात, आणि त्याच्या लगेच खाली कंसात सूचना आहे, की ती जागची हलत नाहीत. बोलणं एक सांगतंय, कंस दुसरं. सगळं नाटक त्या दोन ओळींमधल्या फटीत आहे. छापील पानावर ती फट अक्षरशः डोळ्यांना दिसते.

किंवा चेकॉव्हचं 'द चेरी ऑर्चर्ड'. १९०४ साली ते मॉस्को आर्ट थिएटरनं केलं. चेकॉव्हचं म्हणणं होतं की आपण कॉमेडी लिहिलीय, तर दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीला ती शोकांतिका वाटली. लेखक आणि दिग्दर्शक यांच्यातला हा वाद प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी चेकॉव्ह गेला, वाद मात्र संपला नाही. त्यात एक सूचना आहे, की दुरून, जणू आकाशातून, तार तुटल्यासारखा आवाज येतो. हा आवाज कसला? पात्रंही आपापसात तर्क करतात. साउंडवाल्याला त्याचं काहीतरी एक उत्तर द्यावंच लागतं. वाचकाला द्यावं लागत नाही. तो आवाज त्याच्या कानात कितीही दिवस राहू शकतो.

बर्नार्ड शॉनं तर खास वाचकांसाठीच सोय करून ठेवली. वेश्याव्यवसायावरचं त्याचं 'मिसेस वॉरन्स प्रोफेशन' सेन्सॉरनं रंगमंचावर येऊ दिलं नाही, तेव्हा त्यानं ते १८९८ मध्ये पुस्तकात छापून टाकलं. सेन्सॉरचा बडगा प्रयोगावर होता, छपाईवर नव्हता! इंग्लंडमध्ये त्याचा जाहीर प्रयोग व्हायला १९२५ साल उजाडलं. म्हणजे सत्तावीस वर्षं ते नाटक तिथे मुख्यतः वाचलं गेलं. शॉ लांबलचक प्रस्तावना लिहायचा, कादंबरीसारख्या ऐसपैस रंगसूचना लिहायचा. त्याच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं, हे आपल्याला माहीत असतं. पण शेवटानंतर फुलवालीचं पुढे काय झालं? शॉनं पुस्तकाच्या शेवटी गद्यात एक मजकूर जोडलाय. त्यात ती प्रोफेसरशी लग्न करत नाही, फ्रेडीशी करते आणि फुलांचं दुकान काढते, असं त्यानं चक्क लिहून ठेवलंय. प्रेक्षक बिचारे अंदाज करत घरी जातात. वाचकाला उत्तर मिळतं!

पुस्तकानं वाचवलेली नाटकं

आता जरा इतिहास. नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो. उरतं ते पुस्तक.

शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. त्याच्या दोन नट-सहकाऱ्यांनी पुढाकार घेऊन १६२३ मध्ये त्याची ३६ नाटकं एका जाडजूड ग्रंथात छापली. त्यातली निम्मी, म्हणजे १८ नाटकं, त्याआधी कधीच छापली गेली नव्हती. 'मॅकबेथ', 'ज्युलियस सीझर', 'ट्वेल्फ्थ नाइट', 'द टेम्पेस्ट' ही सगळी त्यातलीच. तो ग्रंथ निघाला नसता, तर ती बहुधा कायमची हरवली असती.

कालिदासाचं 'शाकुंतल' १७८९ मध्ये विल्यम जोन्सनं इंग्रजीत नेलं. त्यावरून १७९१ मध्ये फॉर्स्टरनं ते जर्मनमध्ये आणलं, आणि ते वाचून गटे भारावून गेला. तो ते डोक्यावर घेऊन नाचला वगैरे गोष्टी सोडून देऊ, पण त्यावर त्यानं कविता लिहिली हे खरं. त्यानं 'शाकुंतला'चा प्रयोग बघितला नव्हता. त्याच्यापर्यंत पोचलं ते पुस्तक, तेही अनुवादाचा अनुवाद!

इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' तर आधी पुस्तक म्हणून आलं. डिसेंबर १८७९ च्या सुरुवातीला कोपनहेगनमध्ये पुस्तक बाजारात, आणि पहिला प्रयोग २१ डिसेंबरला. आठ हजार प्रतींची पहिली आवृत्ती महिनाभरात खपली. नवऱ्याचं घर सोडून जाणाऱ्या नोरावरून युरोपात जी भांडणं पेटली, त्यातली कित्येक नाटक न बघता, वाचूनच पेटली होती.

आणि आपल्याकडचं उदाहरण. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. एका अडाणी कुणबी जोडप्याला जोशी ग्रहांची भीती घालून कसा लुबाडतो, आणि शेवटी ते दोघं शिकायला कसे बाहेर पडतात, याची ही गोष्ट. मधेमधे विदूषक येऊन मार्मिक शेरे मारतो. नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं होतं, कमिटीनं ते स्वीकारलं नाही. ते छापून निघालं १९७९ साली, तब्बल १२४ वर्षांनी! एवढा काळ ते केवळ हस्तलिखित म्हणून तगून राहिलं. 'नाटक बघायचंच असतं' हा नियम लावला, तर मराठीतल्या या आरंभीच्या स्वतंत्र सामाजिक नाटकाचं आपण काय करणार होतो?

आपल्या ब्रँचची नाटकं

'हे सगळं आर्ट्सवाल्यांचं' असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग. रोबोटिक्सच्या लॅबमधला 'रोबोट' हा शब्द कुठून आला? नाटकातून! कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून. ते १९२० मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९२१ मध्ये रंगमंचावर आलं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगार. हा शब्द कारेलला त्याचा चित्रकार भाऊ योसेफ यानं सुचवला. गंमत म्हणजे नाटकातले रोबोट धातूचे नाहीतच. ते रसायनांपासून बनवलेले, माणसासारखेच दिसणारे कामगार आहेत. ते बंड करतात आणि माणसं संपवतात. एकालाच जिवंत ठेवतात, आणि तो म्हणजे बांधकामावरचा अल्क्विस्ट, कारण तो त्यांच्यासारखा हातानं काम करतो. सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही! आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जाणार का यावर आपण तावातावानं बोलतो. त्या चर्चेतले कितीतरी मुद्दे शंभर वर्षांपूर्वी या पातळशा पुस्तकात येऊन गेलेत.

दुसरं नाटक मायकेल फ्रेनचं 'कोपनहेगन', १९९८ सालचं. सप्टेंबर १९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना, हायझेनबर्ग आपला गुरू नील्स बोर याला भेटायला जर्मनीव्याप्त कोपनहेगनमध्ये गेला. तिथे नेमकं काय बोलणं झालं, यावर दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत. नाटकात फक्त तीन पात्रं आहेत. बोर, त्याची बायको मार्ग्रेथ आणि हायझेनबर्ग. तिघंही मेलेली, आणि तीच भेट पुन्हा पुन्हा आठवून बघणारी. अनिश्चिततेचं तत्त्व आपण परीक्षेत सूत्र म्हणून लिहिलं. इथे तेच तत्त्व माणसाच्या हेतूला लावलंय : आपण तिथे का गेलो, हे जाणाऱ्याला तरी नक्की ठाऊक असतं का? या नाटकामुळे एवढी चर्चा उसळली, की बोरनं हायझेनबर्गला लिहिलेली पण न पाठवलेली पत्रं २००२ मध्ये, ठरल्यापेक्षा आधीच, खुली करण्यात आली. नाटकातल्या वैज्ञानिक चर्चा थिएटरात भुर्रकन निघून जातील. वाचताना पान मागे उलटता येतं, हा मोठाच फायदा.

मग प्रयोगाचं काय?

प्रयोगाला पर्याय नाही, हे मान्यच. वाचून न मिळणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये आलं. त्यातली माणसांची हलती भिंत आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत पानावर कसं ऐकू येणार? संगीत नाटकाची पदं वाचताना तर पंगतीला बसून नुसता मेनू वाचल्यासारखं होतं. नटाच्या एका नजरेनं सगळं प्रेक्षागृह स्तब्ध होतं, ती सामुदायिक शांतता खोलीत एकट्याला मिळत नाही.

पण म्हणून वाचणं हा 'गरिबाचा प्रयोग' ठरत नाही. थिएटरात नाटकाचा वेग दिग्दर्शकाच्या हाती असतो, वाचताना आपल्या. थिएटरात मुख्य नट बोलत असताना आपण त्याच्याकडे बघतो. वाचताना कोपऱ्यात गप्प बसलेल्या पात्राकडेही बघता येतं. आणि एखादं नाटक आधी वाचलेलं असलं, तर प्रयोग बघताना तुमचा वाडा आणि दिग्दर्शकाचा वाडा यांची जी टक्कर होते, तिची मजा काही औरच.

वाचायचं कसं?

यात काही मोठं शास्त्र नाही. मला उपयोगी पडलेल्या चार-पाच गोष्टी सांगतो.

एक. सुरुवातीची पानं गाळू नका. मराठी नाटकाच्या पुस्तकात बहुधा पहिल्या प्रयोगाची तारीख, संस्था आणि नटमंडळी दिलेली असतात. पात्रांची यादी बुकमार्कवर उतरवून घ्या, म्हणजे दहाव्या पानावर 'हा कोण बुवा?' असं होणार नाही.

दोन. नेपथ्याचं वर्णन वाचून कागदावर प्लॅन काढा. दार कुठे, माजघर कुठे, झोपाळा कुठे. ड्रॉइंग शिकल्याचा उपयोग कधीतरी व्हायलाच हवा! मग पात्र 'आत जातं' म्हणजे कुठे जातं, हे दिसायला लागतं.

तीन. शक्यतो एका बैठकीत वाचा. बरीच नाटकं दोन-अडीच तासांत होतात. रोज चार पानं असं रतीब घातल्यासारखं वाचलं, तर ताण निघून जातो.

चार. प्रत्येक प्रवेशात विचारा, की इथे कोण उपस्थित आहे पण बोलत नाही? त्या माणसाच्या जागी बसून तो प्रवेश पुन्हा वाचा.

पाच. जमलं तर मोठ्यानं वाचा, तेही चौघांत. होस्टेलची एक खोली, एक पुस्तक किंवा त्याच्या दोन प्रती, आणि पात्रं वाटून घ्यायची. अभिनय करायचा नाही, नुसतं वाचायचं. आम्ही हे चार-पाच वेळा केलंय. एरवी मेसच्या भाजीपलीकडे तोंड न उघडणारा आमचा एक मित्र तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधला सुखात्मे असा काही वाचायला लागला, की शेजारच्या खोलीतली पोरं भांडण लागलं समजून धावत आली होती.

कुठून सुरू करायचं? हसायचं असेल तर पुलंचं 'तुझे आहे तुजपाशी'. अंगावर येणारं हवं असेल तर 'शांतता!'. स्वतःच्या मरणाचं कीर्तन लावणारा मेलेला माणूस भेटायला हवा असेल तर सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण'. घर आठवत असेल तर 'वाडा'. आणि पुरुषोत्तम करंडकासाठी दरवर्षी 'चांगली एकांकिका कुठे मिळेल?' म्हणून वणवण फिरणाऱ्या मंडळींनी तर कपाटातलं सगळंच वाचावं. कारण चांगलं लिहायला लागायच्या आधी, माणसं कशी बोलतात आणि कशी बोलायचं टाळतात, हे ऐकू यायला लागतं.

आपल्या लायब्ररीतून मी काढलेल्या एका नाटकाच्या पुस्तकावर, माझ्या आधीचा तारखेचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा होता. पुस्तकं अशीच पडून राहिली, की एक दिवस ती रद्दीत निघतात. ज्या नाटकाचे प्रयोगही थांबलेत आणि पुस्तकही रद्दीत गेलंय, ते आपल्यापुरतं मेलंच. सबमिशन संपलं की एका संध्याकाळी त्या कपाटापाशी जा, हाताला येईल ते काढा, आणि पहिल्या पानावरचा कंस नीट वाचा. पडदा तुमच्या डोक्यातच उघडायचाय.